डॉल्फिनची हमी मागणाऱ्यांना

कोकणातल्या डॉल्फिन सहलींबद्दल पुण्यात एक मत पक्के रुजले आहे. होडीचे पैसे मोजले की डॉल्फिन दिसलाच पाहिजे, तोही हाताच्या अंतरावर, आणि दिसला नाही तर पैसे परत मिळाले पाहिजेत. लांबवर एक काळसर पाठ पाणी कापून गेली तर ते पाहणे मोजायचे नाही. माहिती सांगणारा वाटाड्या हा फुकटचा खर्च आणि अंतराचे नियम म्हणजे नुसती अडवणूक. एवढे करून प्राणी पाहायचेच असतील तर कात्रजला तिकीट काढावे, वाघसुद्धा दिसतो. आणि देवमाशांची हौस असेल तर सरळ आइसलँड किंवा नॉर्वेची सहल घ्यावी, आपल्या समुद्रात आहे काय? हे मत ग्राहकाच्या हक्काच्या भाषेत बोलले जाते, म्हणून ते रास्त वाटते. पण त्यातला एकही मुद्दा समुद्रावर टिकत नाही. आणि हे मत मांडणाऱ्याला पाचशे-हजार रुपयांचाही तोटा होत नाही. तोटा होतो तो किनाऱ्यालगत जगणाऱ्या, आधीच धोक्यात आलेल्या प्राण्यांचा.

ही अपेक्षा कुठून आली हे समजणे अवघड नाही. १९५३ मध्ये सुरू झालेल्या पेशवे पार्कात आणि पुढे कात्रजला पुण्याच्या दोन-तीन पिढ्या प्राणी पाहायला शिकल्या. कात्रजचे सर्पोद्यान १९८६ चे, राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ चे. सुमारे १३० एकरांच्या त्या आवारात ४२ एकरांचा तलाव आहे, खंदकापलीकडे वाघ-सिंह आहेत, सापांचे दालन आहे, जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांसाठी अनाथालय आहे. या संस्थेचे काम मोलाचे आहे आणि इथे वाद तिच्याशी नाही. प्राणिसंग्रहालयात प्राण्याचा ठावठिकाणा माणसाने ठरवलेला असतो. वाघ झोपला असला तरी तो त्या खंदकापलीकडेच झोपलेला असतो. त्यामुळे ‘तिकीट घेतले आणि प्राणी पाहिला’ हा व्यवहार तिथे पुरा होतो. बिघडते ते पुढे. शुक्रवारी रात्री कात्रज चौकातून मालवणकडे सुटणाऱ्या बसमध्ये, नाहीतर भोर आणि वरंध घाट उतरून दापोलीकडे जाणाऱ्या मोटारीत हीच अपेक्षा सामानाबरोबर चढते. उघड्या समुद्रात खंदक कोणी खणायचा?

किनाऱ्यावरून दिसणारा हा प्राणी कोण आहे, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. कोकणच्या उथळ पाण्यात सहलीच्या होड्यांना मुख्यतः भेटतो तो हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. रंगाने करडा, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. जाहिरातीतल्या, उंच उड्या मारणाऱ्या डॉल्फिनशी त्याचे फारसे साम्य नाही. तो श्वास घ्यायला वर येतो, क्षणभर पाठ दाखवतो आणि पुन्हा खाली जातो. त्याला खोल समुद्र लागत नाही. वीस-पंचवीस मीटरपर्यंतचे पाणी, खाड्यांची आणि नद्यांची मुखे, जिथे मासळी दाट, तिथे तो राहतो. म्हणजे जिथे माणसाची जाळी, बंदरे, सांडपाणी आणि पर्यटक आहेत नेमके तिथेच. दुसरीकडे जायला त्याला जागा नाही. मादी सुमारे दहा वर्षांची झाल्यावर विते, साधारण तीन वर्षांतून एकदा, आणि एकच पिल्लू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. हर्णैच्या, देवबागच्या किंवा गोव्यातल्या सिकेरीच्या होडीवाल्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणून सांगणाऱ्याने हे आधी ऐकलेले असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता ‘जवळ घेणे’ म्हणजे प्रत्यक्षात काय, ते पाहू. हिवाळ्यातली सकाळ, साडेसात-आठची वेळ. हर्णै-मुरूडचे पाणी तेव्हा बहुधा शांत असते. दुपारी वायव्येचा वारा सुटला की लाटांना फेस येतो आणि पाठ ओळखणे कठीण होते, म्हणून सगळ्या होड्या सकाळीच निघतात. सुवर्णदुर्गाच्या बाजूला एका होडीला तीन पाठी दिसतात. ती वळते. तिचे वळणे पाहून दुसरी वळते, मग तिसरी, आणि थोड्याच वेळात सात-आठ फायबरच्या होड्या आउटबोर्ड इंजिन पूर्ण सोडून एकाच जागेकडे येतात. डॉल्फिन खाली गेलेले असतात. कोणी ओरडते, ‘तिकडे, तिकडे’, आणि सगळ्या होड्या तिकडे. पाठी पुन्हा वर येतात, पण या वेळी कमी क्षण आणि लांब अंतरावर. पुन्हा इंजिनाचा आवाज, पुन्हा धाव. बसलेल्यांच्या हातातले मोबाइल त्या जागेवर रोखलेले असतात जिथून प्राणी आत्ताच गेला आहे. अर्ध्या तासाने परतताना चित्रफितीत पाणी, समोरच्या होडीची मागची बाजू आणि शेजारच्याचा लाइफ जॅकेट घातलेला खांदा एवढेच उरते. जवळ जाण्याच्या हट्टाने जवळून काहीच दिसले नाही.

पाण्याखाली याच अर्ध्या तासात काय होते? डॉल्फिन आवाजावर जगतो. तो ध्वनी सोडतो, परतलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे ते ओळखतो, पिल्लाला हाक देतो, कळपाशी संपर्क ठेवतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. आठ इंजिने चहूबाजूंनी घोंघावू लागली की त्याची शिकार थांबते, विश्रांती मोडते, आणि आईपासून पिल्लू तुटण्याचा धोका उभा राहतो. एका सकाळी हे घडले तर प्राणी सावरतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी, दिवसातून कित्येकदा घडले तर त्याने कधी खायचे आणि कधी विसावायचे?

‘होडीने डॉल्फिन मरत नाही’ असे उत्तर यावर हमखास येते. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथल्या डॉल्फिनांचा अभ्यास अनेक वर्षे चालला आहे. तिथे सहलीची परवानाधारक नौका एक होती तोवर परिस्थिती एक होती. नौका दोन झाल्यावर त्या भागातल्या डॉल्फिनांची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास सातातला एक या प्रमाणात घटली. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या नौका परवान्याच्या आणि नियमाने चालणाऱ्या होत्या, हे इथे विसरू नये. दोन नियमबद्ध नौकांचा हा परिणाम असेल, तर कोणतेही बंधन न पाळणाऱ्या आठ-दहा होड्यांचा परिणाम शून्य असेल असे कोणत्या आधारावर म्हणायचे? प्राणी मरून किनाऱ्यावर पडला तरच नुकसान झाले, अशी मोजणी करणाऱ्याला नुकसान फार उशिरा कळते.

आणि हा केवळ सदिच्छेचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. भारताच्या समुद्रातले सगळे डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. त्या कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, हेही तिच्यात येते. ताडोबात एखाद्या जिप्सीने वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना घेरून धावायला लावले तर पुण्यातल्या वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडेल, आणि तो पडायलाच हवा. मग तोच दर्जा असलेल्या प्राण्याच्या मागे आठ होड्या लागतात तेव्हा त्याला ‘डॉल्फिन राइड’ म्हणून टाळ्या का मिळतात? पाण्याखाली धावणाऱ्याचे धावणे दिसत नाही, एवढ्याच कारणाने?

हमीचा मुद्दा सगळ्यात जास्त जोराने मांडला जातो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. गोव्याच्या किनाऱ्यावर ‘डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत’ अशा पाट्या वर्षानुवर्षे लागत आल्या आहेत आणि कोकणातही हीच भाषा उतरली आहे. ग्राहकाला ही प्रामाणिकपणाची खूण वाटते. तिचा अर्थ मात्र असा होतो की डिझेल जाळून, दीड तास समुद्रात घालवून, रिकाम्या हाताने परतण्याची सगळी जोखीम होडीवाल्याने घ्यायची. ज्याचे त्या दिवसाचे उत्पन्न एका पाठीच्या दिसण्यावर अवलंबून आहे तो माणूस शंभर मीटर लांब थांबेल का? शेजारच्या होडीने डॉल्फिन गाठला आणि तिच्यातले लोक ओरडू लागले, तर तो आपले इंजिन मंद ठेवील का? पाठलाग ही होडीवाल्याची खोड आहे असे मानणे सोपे आहे. तो हमीच्या अटीतून जन्मतो आणि ती अट ग्राहकाने घातलेली असते. शिवाय हमी देणारा ग्राहकालाही कात्रजचा घाटच दाखवतो. दूरवरच्या लाटेवर बोट दाखवून ‘तो बघा, गेला’ असे म्हटले की हमी पुरी होते. पाहणाऱ्याला डॉल्फिन आणि लाट यांतला फरक शिकवणारे होडीत कोणी नसते.

उत्तरेकडच्या ज्या किनाऱ्यांचे दाखले दिले जातात तिथे हा व्यवहार वेगळा आहे. आइसलँडच्या हुसाविकमध्ये १९९५ पासून देवमासे दाखवणाऱ्या सहली निघतात. देवमासा दिसला नाही तर तिथल्या अनेक नौका पैसे परत देत नाहीत, दुसऱ्या फेरीचे तिकीट देतात. म्हणजे नौकेचे, इंधनाचे आणि जाणकाराचे मोल चुकते होते आणि प्रवाशाला आणखी एक संधी मिळते. या छोट्या फरकाने नौका हाकणाऱ्याच्या डोक्यावरची टांगती तलवार निघून जाते. दापोली किंवा मालवणच्या होडी संघटनांना हे करणे अशक्य आहे का? मुक्कामाला आलेल्या कुटुंबाला दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी अर्ध्या दरात देता येईल. अट एकच, पुण्याच्या प्रवाशाने ती मान्य केली पाहिजे.

हमीची मागणी शेवटपर्यंत ताणली की ती कुठे पोचते, हेही देशाने पाहिले आहे. १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन टाकीत ठेवून खेळ सुरू झाले. काही महिन्यांतच ते प्राणी मेले. पुढे सिंधुदुर्गात तोंडवळी-वायंगणी परिसरात ‘सीवर्ल्ड’ उभारण्याचा घाट घातला गेला आणि गावकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनांना मनोरंजनासाठी बंदिवासात ठेवण्याला देशभर मनाई केली. नक्की दिसणारा, जवळून दिसणारा, ठरल्या वेळी दिसणारा डॉल्फिन फक्त टाकीत असतो. टाकी नको असेल, आणि ती बहुतेकांना नको आहे, तर तिची हमी समुद्राकडून मागण्याचा अधिकार कोणाला उरतो?

‘आपल्या समुद्रात आहे काय?’ हा प्रश्न तर निव्वळ माहितीच्या अभावातून येतो. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली, पिल्लांसकट. निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवर आजवर झालेला सगळ्यात मोठा प्राणी, आणि तो मालवण-देवगडच्या मच्छीमारांच्या पाण्यात. वनविभागाच्या कांदळवन कक्षाबरोबर कोकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण अभ्यासकांच्या गटाने त्या काळात होडीतून ठरलेल्या रेषांवर सर्वेक्षणे केली. हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर पर नसलेला लाजाळू पॉरपॉइज, ब्रायडचा देवमासा हे सगळे या किनाऱ्याचे रहिवासी आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला चाळीस फुटांहून मोठा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि तिथेच मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले. गावकरी, वनविभाग आणि पर्यटक यांनी त्याला पाण्यात लोटण्यासाठी दीड-दोन दिवस धडपड केली, तरी ते वाचले नाही. ज्या समुद्रात काहीच नाही त्या समुद्रातून हे प्राणी आले कुठून?

अरबी समुद्राची आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. जगातले बहुतेक हंपबॅक देवमासे थंड समुद्रात चरतात आणि विण्यासाठी उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र कुठेच स्थलांतर करून जात नाहीत. वर्षभर इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावरून केलेला त्यांचा अंदाज शंभराच्या आत आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ हंपबॅक मारले, तेही आंतरराष्ट्रीय नियम धाब्यावर बसवून. त्या घावातून ही जमात अजून सावरलेली नाही. २०१७ मध्ये ओमानच्या अभ्यासकांनी उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि किनाऱ्याच्या अंगाने थेट दक्षिण टोकापर्यंत गेली. नॉर्वेत पाहिलेल्या हंपबॅकचे फोटो दाखवणाऱ्या घरात ही गोष्ट माहीत असती, तर ‘आपल्याकडे काय आहे’ हा प्रश्न निदान थोड्या खालच्या सुरात विचारला गेला असता.

हुसाविक, नॉर्वेचे आंदेनेस, अलास्का, स्कॉटलंड. खडकाळ, थंड, वादळी किनारे. तिथून परतलेले पुणेकर तिथल्या शिस्तीचे कौतुक न थकता करतात, आणि ते खरेच आहे. पण ती शिस्त कशाची? अलास्कात हंपबॅकपासून १०० यार्ड दूर राहण्याचा नियम २००१ पासून आहे. न्यूझीलंडमध्ये १९९२ च्या नियमांनुसार सागरी सस्तन प्राण्यापासून ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त वाहने जाऊ शकत नाहीत. कॅनडाने २०१८ मध्ये देवमासे आणि डॉल्फिन यांच्यासाठी १०० मीटरचे सर्वसाधारण अंतर ठरवले, ऑर्का या जातीसाठी त्याहून जास्त. तिथे त्याच पुणेकराने नौकेच्या कप्तानाला ‘अजून जवळ घ्या’ म्हटले तर काय उत्तर मिळेल हे त्याला चांगले ठाऊक असते, म्हणून तो म्हणत नाही. शंभर मीटरवरून पाहिलेली शेपटी तिथे आयुष्यभराची आठवण ठरते. तेच अंतर हर्णैला फसवणूक कसे होते? श्रीलंकेतले मिरिसा हे उलट टोकाचे उदाहरण आहे. २००९ मध्ये यादवी संपल्यावर तिथे निळे देवमासे पाहण्याचा धंदा झपाट्याने वाढला आणि एका देवमाशाभोवती नौकांचा गराडा हे नेहमीचे दृश्य झाले. कोकणाने या दोन वाटांपैकी कोणती धरायची, हे सरकारी परिपत्रकाआधी सहल ठरवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनवर ठरते.

वाटाड्या अनावश्यक आहे, हे म्हणणे ज्याने कधी चांगला वाटाड्या पाहिला नाही तोच करतो. होडी हाकणारा तांडेल समुद्र जाणतो, ओहोटीत कुठला खडक वर येतो, कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा कुठे सरकला आहे, हे त्याच्या अंगात असते. जाणता वाटाड्या त्याच्या जोडीला बसला की तोच समुद्र उलगडतो. होडी समोरून न नेता बाजूने, समांतर न्यायची. वेग इतका कमी की मागे लाट उठू नये. प्राणी जवळ आल्यास इंजिन न्यूट्रलवर ठेवायचे, कारण ते एकदम बंद-चालू केल्याने प्राणी बिचकतो. आई आणि पिल्लू यांच्या मधे कधीही शिरायचे नाही. पंधरा-वीस मिनिटांनी निघायचे, दिसत असले तरी. असे थांबलेल्या होडीजवळून डॉल्फिन आपण होऊन गेले तर त्यांचा उच्छ्वास ऐकू येतो, फुस्स असा छोटा, ओला आवाज. पाठलाग करणाऱ्या होडीत तो कोणाच्याच कानी पडत नाही.

आणि डॉल्फिन आला नाही, तरी तो दीड तास रिकामा जात नाही, जर सांगणारा असेल. किनाऱ्यावरच्या उंच झाडात समुद्री गरुडाची काटक्यांची प्रचंड घरटी असतात. एकच जोडी तेच घरटे वर्षानुवर्षे वापरते. हिवाळ्यात कुरव आणि सुरय थव्यांनी उतरतात, आणि ते पाण्यावर कुठे झडप घालतात यावरून मासळी कुठे आहे आणि म्हणून डॉल्फिन कुठे येण्याचा संभव आहे, हेही कळते. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवरच्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांच्या लाळेच्या घरट्यांची तस्करी होत असे आणि ती उघडकीला आणण्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचा वाटा आहे. मालवणचे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचे, आणि सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या मध्यात उभा आहे. किल्ल्याच्या फेरीला जाणाऱ्या किती जणांना आपण अभयारण्यातून चाललो आहोत हे कोणी सांगते? सुरक्षिततेचा भागही वाटाड्याच्याच कामात येतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. समुद्रावर शिस्त सांगणारा माणूस असणे हा फुकटचा खर्च आहे, असे त्या दिवसानंतर तरी कोणी म्हणू नये.

शेवटचा आक्षेप पोटाचा, आणि तो सगळ्यात गंभीर. नियम आले की होडीवाला उपाशी मरेल, पुण्याचे लोक येणार नाहीत, असे म्हटले जाते. गरिबाच्या पोटाची ही काळजी पाठलागाची वेळ आली तरच का आठवते, हा प्रश्न बाजूला ठेवू. आक्षेपाचे उत्तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दिलेले आहे. नाना फडणविसांच्या या मूळ गावात सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण हाती घेतले. त्याआधी अंडी चोरली जात, खाल्ली आणि विकली जात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. वाळूतल्या घरट्यावर झाकलेली टोपली सकाळी आणि संध्याकाळी उचलली जाते. पिल्ले वर आली असतील तर त्यांना समुद्राकडे सोडतात; नसतील तर टोपली पुन्हा झाकतात आणि लोक परततात. दोरीच्या पलीकडे कोणी जात नाही. पिल्लांना हातात घेऊन फोटो काढायला मिळत नाही. हमी तर नाहीच. उबवणीचे दिवस पुढेमागे झाले की आलेला माणूस एकही पिल्लू न पाहता परततो. तरीही वेळासच्या घराघरांत पाहुणे उतरतात, उकडीचे मोदक आणि सोलकढी वाढली जाते, आणि गावाला त्यातून पैसा मिळतो. इतर गावांनीही हे काम उचलले. पुण्याहून वेळासला जाणारेही हेच पुणेकर आहेत. तिथे दोरीच्या अलीकडे तासभर मुकाट उभे राहणारे कुटुंब दुसऱ्या दिवशी हर्णैला होडीत बसल्यावर ‘जवळ घ्या’ का ओरडते? कारण वेळासला त्यांना आधी सांगितलेले असते आणि हर्णैला कोणी काही सांगितलेले नसते.

तेव्हा सांगण्याची सुरुवात पुण्यातूनच व्हायला हवी. कोकणच्या सहली विकणाऱ्यांनी आपल्या पत्रकातून ‘डॉल्फिन नक्की’ ही ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी होडी किती अंतरावर थांबेल, एका कळपाभोवती किती होड्या राहतील आणि बरोबर जाणकार कोण असेल हे छापावे. ठरवणाऱ्यानेही फोनवर ‘दिसेल ना?’ ऐवजी हेच विचारावे, आणि जो होडीवाला लांब थांबेन म्हणतो त्याला दोनशे रुपये जास्त द्यावेत. वन खाते, मेरीटाइम बोर्ड आणि होडी संघटना यांनी मिळून किनारानिहाय होड्यांची संख्या, अंतर आणि वेळ ठरवावी, पाळणाऱ्यांना परवाना द्यावा आणि मोडणाऱ्यांचा काढून घ्यावा. वन्यजीव कायद्यात त्यासाठी पुरेसा आधार आहे. हे सगळे करूनही एखाद्या सकाळी डॉल्फिन दिसणार नाही. त्या सकाळचेही पूर्ण पैसे तांडेलाला मिळाले पाहिजेत.